यादीतून सुटलेलं घर

ती गल्ली मला आजही घरांच्या क्रमाने आठवते. आधी कडुनिंबाचं घर, मग हिरव्या दाराचं, मग शिलाई मशीनवालीचं. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. नागपूरच्या बेसा भागातल्या ज्या इमारतीत मी राहतो, तिथे समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला बायकोला विचारावं लागतं. पण नरखेड तालुक्यातली ती गल्ली मी डोळे मिटून चालून दाखवीन. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील, बाकीच्यांना त्यांची गरज नाही.

तेव्हा मी त्या भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत संत्र्या-मोसंबीच्या बागा, कापूस, विहिरींवरच्या मोटरपंपांच्या चोऱ्या, आणि ठाण्यात मंजूर संख्येच्या निम्मी माणसं. त्या हद्दीतल्या एका गावात, ऐन चौकात, परवान्याचं देशी दारूचं दुकान होतं. शाळेची वाट त्याच्यासमोरून आणि पाण्याच्या टाकीचीही. गावातल्या बायकांनी ते बंद करायचं ठरवलं. त्यासाठी आपल्या राज्यात सरळ मार्ग आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी चौथा हिस्सा बायकांनी सह्या करून मागणी केली, की उत्पादन शुल्क खातं त्या सह्या तपासतं आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अट मात्र कडक आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी बसली, ती दुकानाच्या बाजूने गेली असंच धरायचं.

सह्या गोळा करण्यात पुढे होती गावची अंगणवाडी सेविका. चाळिशीची, सडपातळ, आणि आवाज चौकातून टाकीपर्यंत पोहोचेल असा. सगळं गाव तिला ताई म्हणे, मीही तेच म्हणतो. तिचा अर्ज वर गेला आणि तीन आठवड्यांनी दुकानदार माझ्या टेबलासमोर उभा राहिला. सोबत वकील आणि कापडात बांधलेला गठ्ठा.

"साहेब, त्या बाईनं बनावट सह्या केल्या. हे पाहा, बाया स्वतः लिहून देऊन राहिल्या."

गठ्ठ्यात साठाच्या वर प्रतिज्ञापत्रं होती. स्टँपपेपर, नोटरीचा शिक्का, खाली प्रत्येकीची सही. मजकूर एकच : 'दुकान बंदीच्या मागणी अर्जावरील सही माझी नाही, मी असा अर्ज केलेला नाही.' एवढ्या सह्या वगळल्या की ताईचा अर्ज चौथ्या हिश्श्याच्या खाली येत होता. मतदान तिथेच संपणार होतं. शिवाय ताई बनावट दस्तऐवज केल्याच्या गुन्ह्यात आरोपी. आरोपपत्र गेलं असतं तर तिची अंगणवाडी सुटली असती, आणि घरात सासू, शिकणारी मुलगी आणि तिचा एकटीचा पगार, एवढंच होतं.

कागद पक्का दिसला की पोलिसाचं डोकं अर्धी सुट्टी घेतं, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. मी बीट जमादाराला गावात पाठवलं. त्याने एकेकीला प्रतिज्ञापत्र दाखवून विचारलं, "ही सही तुझीच का?" प्रत्येकीने खाली मान घालून "हाव" म्हटलं. बस, आमची चौकशी झाली. मी गुन्हा दाखल केला आणि ताईला चौकातून, सगळ्या गावासमोर, जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. दिवसाउजेडी, महिला शिपाई सोबत घेऊन, स्टेशन डायरीत नोंद करून. सगळं अगदी नियमाने केलं होतं.

"ताई, खरं काय ते सांगा. या सह्या कुणी केल्या?" मी विचारलं.

"ज्यायच्या त्यायनं."

"मग त्या नाही म्हणून लिहून देतात ते कसं?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं साहेब. बचत गटाच्या बैठकीत केल्या, टाकीवर केल्या, संत्रा तोडाले टेम्पोत चढता चढता केल्या. एकीनं तं माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली."

"त्याला पुरावा काय?"

"माझी पाठ जमा करता का मुद्देमालात?"

जमादार फिसकन हसला. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी तिला विनाकारण संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग नोटीस देऊन सोडलं. दारात ती थांबली. म्हणाली, "माझी नोकरी गेली तं मी दुसरं काही पाहीन. पण हे मतदान नाही झालं नं साहेब, तं या गावातली बाई पुन्हा कोण्या कागदाले हात लावणार नाही."

ते वाक्य मला रात्रभर टोचलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं काही झालं नाही. मी जेवलो आणि झोपलो. डोकं ताळ्यावर आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर. त्या गावच्या एसटीचा कंडक्टर तिथे रोज चहा प्यायचा. ताईची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होतीच. प्रतिज्ञापत्रं तालुक्याच्या गावी नोटरीसमोर झाली, सगळी एकाच दिवशी, असं मी बोलता बोलता म्हणालो, तर त्याने कप खाली ठेवला.

"कोण्या दिवशी म्हणता?"

मी तारीख सांगितली.

"त्या गावाले सकाळी एक गाडी, दुपारी एक. त्या हप्त्यात दोन्हीवर मीच होतो. साठ बाया माझ्या गाडीत चढल्या असत्या तं सुट्ट्या पैशासाठी कोणाकोणासंग भांडलो ते मले आजवर पाठ राहिलं असतं. पाच-सहा बाया असतीन, बस."

ही होती आमची खबर. कुठला गुप्त बातमीदार नाही, की फोन नाही. मी केबिनमध्ये गेलो आणि ताईचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एका बाईची सही शेवटाकडे उतरत जायची, ती दोन्हीकडे उतरली होती. दुसरी सहीखाली एवढी जोरात रेघ ओढायची की कागद फाटे, तो दोन्हीकडे फाटला होता. ताईने इतक्या हुबेहूब नकला केल्या असतील तर तिची जागा अंगणवाडीत नव्हतीच. म्हणजे दोन्ही कागदांवरच्या सह्या खऱ्या होत्या. मग त्याच बायांनी एकमेकांच्या उलट असलेल्या दोन कागदांवर सह्या का कराव्यात? हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल नागपूरहून यायला महिने लागले असते, आणि आला असता तरी त्याने एवढंच सांगितलं असतं. मी जमादाराला घेऊन गावात गेलो.

ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबल टाकलं. आधी ताईच्या अर्जातल्या पहिल्या दहा बायांना बोलवायला जमादाराला पाठवलं. तो दीड तासाने आला, घामाघूम.

"पहिली वेशीजवळ, दुसरी टाकीच्या मागं, तिसरी पार नाल्यापलीकडं. या ताईनं अर्ज केला का गावप्रदक्षिणा केली साहेब?"

अर्जावरची सही आमचीच, यापुढे त्या बायांची जीभ हलेना. मग मी सोबत आणलेली नोटरीच्या नोंदवहीची नक्कल काढली आणि प्रतिज्ञापत्रांच्या क्रमाने पहिल्या दहा जणींना आणायला सांगितलं. माझा चहा अर्धा व्हायच्या आत दहाच्या दहा दारात उभ्या.

"इतक्या लवकर?"

"काही नाही साहेब, सगळ्यायची घरं एका लायनीत आहेत. एकीले आवाज दिला का दुसरी आपोआप बाहेर येते."

मी चहा तसाच ठेवून उठलो. नोंदवहीची नक्कल हातात घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी गेलो. कडुनिंबाचं घर, क्रमांक एक. हिरवं दार, क्रमांक दोन. शिलाई मशीनवाली, तीन. डाव्या बाजूने टोकापर्यंत आणि मग उजव्या बाजूने परत, क्रमांक एकापाठोपाठ एक चालले होते. बायका तालुक्याला गेल्या असत्या तर नोटरीच्या टेबलासमोर घरांच्या क्रमाने कशाला उभ्या राहिल्या असत्या? जिची भाकरी आधी झाली ती पुढे, जिचं पोर रडलं ती मागे, अशीच रांग लागते. ताईचा अर्ज तसाच होता, विस्कटलेला आणि खरा. प्रतिज्ञापत्रं मात्र कुणीतरी दारोदार फिरून गोळा केली होती.

सात आणि आठ क्रमांकांच्या मध्ये एक घर सुटलं होतं. निळ्या चौकटीचं, सारवलेल्या अंगणाचं. दारात एक आजी तूर पाखडत बसली होती. ताईच्या अर्जावर तिची सही होती, पण प्रतिज्ञापत्र नव्हतं.

"आजी, तुमच्याकडे कुणी सही घ्यायला आलं नव्हतं का?"

"आला होता नं. तालुक्याचा तो कॉम्प्युटरवाला, ऑनलाइन अर्ज भरते तो. घरोघरी नळ देऊन राहिले म्हणे, सही करा. दोन कागद होते टाचलेले, वरचा नळाचा. म्या म्हटलं थांब गा, चष्मा आणतो. तं म्हणे, टाइम नाही आजी, खालीबी वरच्यासारखंच आहे. म्या म्हटलं, वरच्यासारखंच आहे तं दोन काहून? अन् नळाच्या अर्जाले स्टँपपेपर काहून लागते?"

"मग?"

"मग का? कागद वढले माझ्या हातातून. तुम्हाले नळ नाही भेटत म्हणे. म्या म्हटलं, नाही तं नाही, मायी विहीर आहे."

तिच्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा ती कडेवर होती. पुढे वडिलांनी पोरीला शाळेत घातलं, चौथीपर्यंत. तेवढ्या चौथीवर तिने आयुष्यभर हातात येईल तो कागद वाचला होता, अगदी किराण्याच्या पुड्यासुद्धा.

तिचा जबाब माझ्या रायटरने लिहून घेतला आणि सहीसाठी पुढे केला. आजी चष्मा लावून वाचायला बसली. दोन पानांना वीस मिनिटं घेतली. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाले?"

ओळ होती : 'मी अशिक्षित असून मोलमजुरी करते.' रायटर गडबडला. "साहेब, आपला नेहमीचा मसुदा आहे. म्हाताऱ्या बायांच्या जबाबात तसंच लिहितो आपण."

मी ती ओळ खोडली, समासात माझी सही केली आणि मनातल्या मनात शरमलो. कॉम्प्युटरवाल्याने बायांना वाचू दिलं नव्हतं. आम्ही तर त्या वाचू शकतात हेच गृहीत धरलं नव्हतं. जमादाराने प्रत्येकीला सही दाखवली, मजकूर एकीलाही दाखवला नाही.

आजीने सही केल्याचं गल्लीत कळलं आणि बाया ग्रामपंचायतीकडे निघाल्या. बोलवायला कुणीच गेलं नव्हतं. शिलाई मशीनवाली सगळ्यात पुढे होती. म्हणाली, "साहेब, आम्ही भेलो होतो. जमादारसाहेबानं कागद दाखवला तवा समजलं का आम्ही दोनीकडं सह्या करून बसलो. वाटलं, आता पोलीस आम्हालेच धरतीन. म्हणून ताईचं नाव गेलं तरी तोंड नाही उघडलं." एवढं बोलून ती रडायला लागली. अंधार पडायच्या आत आम्ही चाळीसच्या वर जबाब घेतले. प्रत्येक जबाब सहीआधी मोठ्याने वाचून दाखवला. रायटरचा घसा बसला.

कॉम्प्युटरवाल्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल, आणि वकिलासारखं बोलणं. माझा अनुभव असा आहे की खोटं बोलणारा माणूस तयारी करून येतो, तेव्हा त्याला तयारीतलंच विचारावं. तो खुश होतो आणि सैल पडतो. मी चहा मागवला.

"बाया तुझ्या सेंटरवर आल्या, तिथून नोटरीकडे गेल्या. बरोबर?"

"हाव साहेब. स्वतःच्या मर्जीनं."

"आधी कोण आली?"

त्याने नावं घडाघडा सांगितली. पहिली, दुसरी, तिसरी, थेट सातवीपर्यंत, नोंदवहीबरहुकूम. मीही मान डोलावत गेलो.

"आणि सातवीच्या शेजारची आजी? ती नाही आली?"

"ते कायची सही करते साहेब! तिले चष्मा लावून अख्खा कागद वाचाचा राहते. तिच्या दारात उभं राहिलं तं दिवस जाते."

जमादाराने पेन खाली ठेवलं. कॉम्प्युटरवाल्याला आपण काय बोललो ते कळायला दोन-तीन क्षण लागले.

"बाया तर तुझ्या सेंटरवर आल्या होत्या," मी म्हणालो. "मग तू आजीच्या दारात कशाला उभा होतास?"

तो पुढे फार टिकला नाही. कागद दुकानदाराने दिले होते, स्टँपपेपर त्याच्याच माणसाने आणले होते, आणि नोटरीने एकाही बाईचं तोंड न पाहता शिक्के मारले होते. तिघांवर गुन्हा दाखल झाला. ताईवरचा गुन्हा खोटा ठरला. तशा प्रकरणात आम्ही कोर्टाला 'ब समरी' म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल पाठवतो, तो मी स्वतः लिहिला आणि कोर्टाने मान्य केला. उत्पादन शुल्क खात्याने सह्या पुन्हा तपासल्या आणि मतदानाचा दिवस ठरला.

तो दिवस संत्र्याच्या तोडणीच्या हंगामातला निघाला. मला तीच धास्ती होती. पहाटे ठेकेदाराचा टेम्पो येतो, निम्म्या बाया त्यात बसून दूरच्या बागांत जातात आणि परत येतात तेव्हा दिवे लागलेले असतात. मी बंदोबस्ताला सकाळी साडेसहालाच चौकात होतो. टेम्पो आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, उतरून गल्लीत डोकावून आला. एकही बाई बाहेर आली नाही. अर्ध्या तासाने टेम्पो रिकामा गेला. माझ्यासोबतचा जमादार टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, असं म्या कधी पाह्यलं नाही."

आठ वाजता शाळेसमोर रांग लागली आणि ती सरकेना. मतदान केंद्राध्यक्ष वैतागून बाहेर आले.

"साहेब, एकेक बाई मतपत्रिका वाचून राहिली! दोनीकडून पलटवून पाहते. दोन बाटल्यांत वाचण्यासारखं का आहे?"

"वाचू द्या," मी म्हणालो. "वेळ संपताना जेवढ्या रांगेत असतील तेवढ्यांना चिठ्ठ्या द्या, पण वाचू द्या."

नोकरीत मी कितीतरी निवडणुकांचे बंदोबस्त केले. चांगलं मतदान केंद्र म्हणजे गप्प रांग, अशीच माझी समजूत होती. ही रांग हसत होती, भांडत होती, शेजारणीचं पोर कडेवर घेत होती. बाळंतीण होऊन महिना झालेली एक सून माहेराहून खास येऊन उभी होती. आजी काठी टेकत आली, तर सगळ्यांनी तिला पुढे जायला सांगितलं. ती म्हणाली, "मी आपल्या नंबरानं जाईन," आणि तासभर उन्हात उभी राहिली. त्या दिवशी मी कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली निम्म्याच्या पुढे एकोणतीस मतांनी गेली. शाळेच्या अंगणात जो काही गलका उठला, तो शब्दांत मांडणं माझं काम नाही. शिलाई मशीनवालीने गुलाल उधळला तो माझ्या गणवेशावरही पडला. दुकानाला कायमचं कुलूप लागणार होतं. सगळ्या नाचत होत्या, फक्त ताई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे येत होती.

"साहेब, आमचं झालं. आता तुमचं राहिलं."

"माझं काय राहिलं?"

"मले याच गावासमोरून जीपमध्ये नेलं तुम्ही. सगळ्यायनं पाह्यलं. कोर्टाचा तो कागद सगळ्यायसमोर वाचा."

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. ठाणेदाराने असं काही करायची रीत नाही आणि तसा नियमही नाही. मी जीपमधून अहवालाची नक्कल आणली आणि शाळेच्या ओट्यावर चढलो. मी वाचायला सुरुवात केली. "सदर गुन्ह्याच्या तपासात निष्पन्न झालेल्या बाबींवरून सदरची फिर्याद ही खोटी व द्वेषबुद्धीने दिल्याचे दिसून येत असल्याने..."

"साहेब," पुढून आजीचा आवाज आला, "मराठीत सांगा नं."

सगळं अंगण हसलं, मीही हसलो. कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"ताईंनी एकही खोटी सही केली नाही," मी म्हणालो. "ताई खऱ्या होत्या. पोलीस चुकले."

ताईने ओट्याखालून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मीही जोडले. मग तिला पोरींनी उचललं आणि गाव पुन्हा ओरडायला लागलं.

नागरिकाचे हक्क या विषयावर मला पुढे शाळा-कॉलेजांत बोलावू लागले, तेव्हा मी हीच गोष्ट सांगत आलो. ठाण्यात आपण माणसाला विचारतो, सही तुझीच का? त्या गावानंतर मी माझ्या प्रत्येक माणसाला दुसरा प्रश्न विचारायला लावला. वाचलं का, आणि वाचायला वेळ मिळाला का? कुणी वाचायला थांबलं की आपण घाई करतो, तोंड वाकडं करतो. पण आपल्या सहीचा आणि मताचा मालक तोच असतो, जो थांबून वाचतो. लोक मला विचारतात, खून-दरोडे एवढे उघडकीला आणले, मग हीच केस का सांगता? मी त्यांना खरं ते सांगतो. बाकीच्या केसेस मी जिंकलो. या केसमध्ये मी अख्ख्या गावासमोर हरल्याचं कबूल केलं, आणि परतताना जीपमध्ये गुलालाने माखलेला मी आणि माझा जमादार, दोघं ठाण्यापर्यंत गाणं म्हणत आलो.